मैफिलीचा गाळ

विसाव्याचे मिनिट केव्हाच सरले होते, तरी कुणी बोलत नव्हते.

‘ऐकणावळी’चा तो रिवाज होता. ध्वनिफीत संपली की प्रत्येकाने आपला माइक उघडा ठेवायचा आणि एक मिनिट अवाक्षर काढायचे नाही. त्या मिनिटात दोनशे चौदा घरांची शांतता एकमेकींत मिसळत असे. कुणाकडचा पंखा, कुणाकडची कुकरची शिट्टी, कुणाच्या अंगणातला भारद्वाज. सभासद त्याला विसावा म्हणत. आजच्या शांततेत मात्र विसावा नव्हता. सगळे पडद्याच्या मधोमध उमटलेल्या एका निळ्या रेषेकडे पाहत होते, आणि ती रेषा वैजयंती हुपरीकरच्या वडिलांच्या कानाची होती.

वैजयंती कोल्हापूरच्या त्यांच्या घरात, वडिलांपासून हातभर अंतरावर बसली होती. नानांनी कानांतली दोन्ही बोंडे काढून डबीत ठेवली. डबी मिटल्याचा बारीक आवाज दोनशे चौदा घरांत गेला.

“हुपरीकर सर,” शेवटी नागपूरचे डॉ. लोखंडे म्हणाले, “एक्केचाळीस मिनिटं वीस सेकंदांवर आपण काय ऐकलंत?”

“गंधार,” नाना म्हणाले. “उतरलेला. बावीस वर्षांपूर्वी लिहिला होता, तोच.”

“गंधार एकोणिसाव्या सेकंदाला संपतो, सर. विसाव्या सेकंदाला तिथं काहीच नाही. दोन सेकंद नुसता तंबोरा. आणि आपली रेषा तर तिथंच सगळ्यांत उंच आहे.”

लोखंड्यांनाच आपल्या प्रश्नाचा संकोच वाटला असावा, ते घाईने म्हणाले, “अर्थात, त्रासाची खूण असू शकते. बेसूर जागेतून सुटका झाल्याची.”

एका चौकटीतून खाकरल्याचा आवाज आला. मिरजेचे इस्माईल मुजावर, तीन पिढ्यांचे तंबोरे करणारे. “सुटका झाली तर रेघ खाली यायची की हो, डॉक्टर. ही तर चढायलीय. दारात कुणाची पावलं वाजल्यागत. कान कुणाची तरी वाट बघायलाय.”

कुणीतरी हसले. नाना हसले नाहीत.

“वैजू, सभा आटप,” ते म्हणाले. माइक उघडाच होता.

*

ऐकणावळ सुरू झाली ती थट्टेतून. परगावी एकट्या राहणाऱ्यांनी खानावळीत जेवावे, तसे घरात एकट्याने गाणे ऐकणाऱ्यांनी इथे एकत्र ऐकावे, एवढाच हेतू. म्हणून चर्चेला पंगत म्हणत आणि चर्चा चालवणाऱ्याला वाढपी. वैजयंती सहा वर्षे वाढपी होती. नियम मोजके, पण कडक. कलावंताच्या घराण्यावरून किंवा घरावरून बोलायचे नाही. तीनदा ऐकल्याखेरीज लिहायचे नाही. प्रत्येक विशेषणाला वेळ जोडायची. ‘आर्त’ म्हणायचे असेल तर कितव्या मिनिटाला आर्त, ते सांगायचे. या शेवटच्या नियमामुळे निम्मी विशेषणे आपोआप गळून पडली, आणि उरलेली अशी झळाळली, की बाहेरचे लोक नुसती टिपणे वाचायला येऊ लागले.

मग संशय आला. आयुष्यात एकही षड्ज न ऐकलेली यंत्रे तीन सेकंदांत डोळ्यांत पाणी आणणारे रसग्रहण लिहू लागली, तेही अचूक मिनिट-सेकंदांसह. कोण ऐकून लिहितो आणि कोण न ऐकता, हे ओळखता येईना. वर्षानुवर्षांचे स्नेही एकमेकांच्या स्वल्पविरामांकडे संशयाने पाहू लागले. चांगले लिहिणे हाच पुरावा होऊन बसला, आणि तोही विरुद्ध बाजूचा.

तोड निघाली ती वैजयंतीच्याच कामाच्या जागेतून. ती श्रवणतज्ज्ञ होती. लोकांचे कान तपासणे हा तिचा व्यवसाय. कान केवळ घेत नाही, तो देतोही, हे तिला रोज दिसत असे. आत शंखासारखी वळलेली एक नळी असते, आणि तिच्यात केसाळ पेशींच्या रांगा. बाहेरच्या रांगांतल्या पेशी येणाऱ्या ध्वनीबरोबर स्वतः आखडतात, लांबतात, आणि त्या हालचालीतून एक अतिक्षीण नाद उलट वाटेने बाहेर येतो. तान्ह्या बाळांची श्रवणचाचणी कित्येक वर्षे त्यावरच चालत आली आहे. नवे होते ते याच्या पुढचे. मेंदूकडून या पेशींकडे परत येणारे तंतू असतात. माणूस ज्या पट्टीकडे कान देतो, तिथल्या पेशींना मेंदू हळूच हुकूम पाठवतो. आणि एखाद्या आवाजाची अपेक्षा असेल, तर तो येण्याच्या आधीच पाठवतो. कानात बसणारे बोंड आता हा हुकूम टिपू शकत होते. ऐकणारा कोणत्या क्षणी, कोणत्या पट्टीत आणि किती ऐकत होता, त्याची रेषा पडद्यावर उमटे. तिला कर्णलेख म्हणत. म्हाताऱ्या कानांतला मंद नादही ती नवी बोंडे पकडत.

“शब्दानं कानाची साक्ष काढावी,” असा ठराव पंगतीत मांडला तो नानांनी. प्रभाकर हुपरीकर, वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आणि तीस वर्षे रविवारच्या पुरवणीतले संगीतसमीक्षक. वय सत्त्याहत्तर. त्यांचा शब्द खाली पडणे शक्यच नव्हते. टिपणासोबत कर्णलेख जोडणे सक्तीचे झाले. पुढे कुणीतरी सुचवले, की जुन्या छापील समीक्षाही याच कसोटीवर घासाव्यात. हयात समीक्षकांनी आपण निवाडा दिलेली ध्वनिफीत पुन्हा, सगळ्यांसमोर ऐकावी. तिला फेरपंगत म्हणायचे ठरले. चिठ्ठीत निघाली ती इंदुमती माणगावकरांची इचलकरंजीची सकाळची मैफल. राग तोडी.

नानांनी चिठ्ठी वाचली तेव्हा त्यांचा चेहरा हलला नव्हता. वैजयंतीने तेव्हाच पाहिले होते, की तो जरा जास्तच हलला नव्हता.

*

“यंत्र चुकू शकतं,” जेवताना नाना म्हणाले.

“चुकतं ना. एखाद्या वेळी.” तिने त्यांच्या पानात आमटी वाढली. “आपल्याकडे तीनदा ऐकतात. तीनही वेळा तुमची रेषा त्याच सेकंदाला चढली. खरं तर अर्धा सेकंद आधी.”

“मग?”

“आणि वरच्या पट्टीत नाही, नाना. बाईंचा गंधार तार सप्तकातला. तुमचं लक्ष होतं ते तिथून कितीतरी खाली. पुरुषाच्या बोलण्याची पट्टी असते ना, तिथं.”

नानांनी भाताचा घास केला, पण तो तोंडापर्यंत गेला नाही.

“त्या मैफिलीत तुमच्या शेजारी कोण बसलं होतं?”

“आठवत नाही.”

“तुम्हाला? मागच्या महिन्यात तुम्ही चाळीस वर्षांपूर्वीच्या मैफिलीतला तबलजी कुठल्या रंगाचं जाकीट घालून बसला होता ते सांगितलंत.”

“साक्षीदाराची उलटतपासणी चाललीय वाटतं.” ते किंचित हसले. “घरातल्या पंगतीलाही नियम लावलेस का?”

“नियम तुमचाच आहे.”

नाना उठले आणि हात धुवायला गेले. पानात भात तसाच होता.

वैजयंती त्या पानाकडे पाहत राहिली. बावीस वर्षांपूर्वी, एका फेब्रुवारीत, ती तापाने फणफणून याच घरात पडली होती. सतरा वर्षांची होती. आई जाऊन आठ महिने झाले होते. बारावीची परीक्षा झाली की जूनमध्ये गडहिंग्लजला, इंदुमतीबाईंच्या घरी राहून गाणे शिकायचे ठरले होते. बाईंनी तिला ऐकून होकारही दिला होता. त्या दिवशी नाना इचलकरंजीहून दुपारी परतले, तिच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, “गळा संपलाय गं त्यांचा.” पुढच्या रविवारी तेच छापून आले. ‘तोडीचा गंधार उतरता असतो, बाईंचा गंधार उतरला नाही, पडला.’ हे वाक्य इतके गाजले, की त्यानंतर इंदुमतीबाईंना कुणी गायला बोलावलेच नाही. आणि त्याच आठवड्यात, ताप उतरल्यावर, नाना तिच्या उशाशी बसून फार मायेने बोलले होते. “वैजू, तुझ्या गळ्यात सूर आहे, पण तो तुझा नाही. ऐकून ऐकून उसना आलाय. तू ऐकणारी हो. चांगला कान लाभणं हेही थोडं नसतं.”

तिने ते मानले. कानांचाच व्यवसाय केला. तंबोरा दुरुस्तीच्या निमित्ताने मिरजेला इस्माईलचाचांकडे गेला आणि परत आला नाही.

जर त्या एका गंधाराबद्दल नाना खोटे बोलले असतील, तर... तिने तो विचार तिथेच थांबवला, जसे कुणी पायरी चुकेल म्हणून पाऊल अधांतरी थांबवावे.

*

सोमवारी सकाळी ती दवाखान्यात पोहोचते न पोहोचते, तोच मिरजेहून फोन आला.

“काय ओ वाढपीबाई, रात्री झोप लागली का?”

“चाचा, तुम्ही काल मुद्दाम बोललात.”

“मी बोललो ते लाकडावरनं बोललो. तार कुठं वाजतीय ते भोपळ्याला कान लावून कळतंय आम्हाला.” क्षणभर तासणीचा आवाज थांबला. “त्या तोडीची सफाई कुणी केलती?”

“मीच.”

“मग गाळ तुमच्याकडंच असंल. त्यात हात घालून बघा की एकदा. आणि तुमचा तंबोरा बावीस वर्सं माझ्या माळ्यावर हाय. दर दसऱ्याला तारा बदलतोय मी. कुणासाठी, ते सांगा म्हंजे झालं.”

सफाई हा ऐकणावळीचा आणखी एक रिवाज. जुन्या खासगी ध्वनिफितींत गाण्याइतकीच माणसे असत. खोकणारी, कुजबुजणारी, कपबशा वाजवणारी, भलत्या जागी माना हलवत ‘वाहवा’ करणारी. निखळ गाणे ऐकायचे तर ही धूळ झटकायला हवी, यावर सगळ्यांचे एकमत होते. एक यंत्रणा गायन, साथ आणि बाकीचे सारे वेगळे करी. ‘बाकीचे सारे’ एका निराळ्या धारिकेत साठवले जाई, आणि त्या धारिकेचे नाव गाळ. तो पुसून टाकायचा नाही, हा हट्ट इस्माईलचाचांचा. आम्ही तंबोऱ्याचा भोपळा कोरताना बियासुद्धा फेकत नाही, म्हणाले होते. सगळ्यांनी हसून मान्य केले होते. वैजयंतीने आजवर तीनशेवर ध्वनिफिती साफ केल्या होत्या. एकाही मैफिलीचा गाळ तिने कधी ऐकला नव्हता. कुणीच ऐकला नव्हता. इतक्या चोखंदळ कानांच्या त्या जमावात एकालाही असे वाटले नव्हते, की गाण्यातून काढून टाकलेल्या गोष्टीत ऐकण्याजोगे काही असेल.

पहिला रुग्ण साडेदहाचा होता. ती ध्वनिरोधक कोठडीत शिरली, दार लावले आणि गाळ सुरू केला.

आधी वाटले, काहीच नाही. मग हळूहळू, अंधाराला डोळे सरावावेत तसे कान सरावले, आणि एक खोली उगवली. सतरंजी. तिच्यावर सरकणारे गुडघे. बांगड्या. कुणाचा तरी दम्याचा श्वास, ठरावीक अंतराने. एक मूल ‘पाणी’ म्हणाले आणि त्याला गप्प केले गेले. गाणे नव्हते, पण गाण्याचा आकार होता, जसा उठून गेलेल्या माणसाचा गादीवर उरतो. सारी खोली एका नसलेल्या गोष्टीभोवती हलत होती. शंभरेक माणसे एकाच वेळी श्वास धरत होती आणि एकाच वेळी सोडत होती. कशासाठी, ते तिला ऐकू येत नव्हते. वैजयंतीला एकाएकी लाज वाटली. ही माणसे तिने धूळ म्हणून झाडली होती.

एकोणचाळीस मिनिटे. चाळीस. दम्याचा श्वासही थांबला. एक्केचाळीस मिनिटांवर खोलीत काही म्हणजे काहीच उरले नाही. शंभर माणसे जणू खोली सोडून गेली.

आणि विसाव्या सेकंदाला, माइकच्या अगदी जवळून, एक पुरुष म्हणाला, “आई गं...”

ती दाद नव्हती. दाद दिली जाते. हे निसटले होते. शेवटचा स्वर अर्ध्यात ओला होऊन तुटला होता. आणि त्या दोन शब्दांच्या कडेला, दातांवर काहीतरी हलकेच टकटकले.

लवंग.

समीक्षकाने मैफिलीत तोंड उघडू नये, असे नानांचे ठाम मत होते. म्हणून गाणे सुरू होण्यापूर्वी ते जिभेवर लवंग ठेवत. जीभ कामात राहते, म्हणत. लहानपणापासून तिने पाहिलेला प्रत्येक मैफिलीतला नानांचा चेहरा असा होता : मिटलेले ओठ, गालात एक लवंग, गुडघ्यावर पालथा हात.

आवाजांची जुळणी करणारे यंत्र तिच्या टेबलावरच होते. तिला त्याची गरज नव्हती. तरी तिने ते लावले. संशयाची ही खोडच आहे. खात्री पटल्यावरही त्याला कागद हवा असतो. यंत्राने कागद दिला.

आता रेषेचा अर्थ सरळ होता. फेरपंगतीत नानांना जी ध्वनिफीत ऐकवली, तिच्यात हा आवाज नव्हता. तो तिने स्वतःच पुसला होता. पण कानाला ते कुठून ठाऊक असणार? तो तीनही वेळा त्या क्षणाच्या अर्धा सेकंद आधी उठून उभा राहिला होता. आपल्या मालकाचा आवाज दोनशे चौदा घरांत ऐकू जाणार, म्हणून.

*

गडहिंग्लजला ती बुधवारी सकाळी गेली. इंदुमतीबाई अंगणात चटईवर शेंगा फोडत बसल्या होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, ठेंगण्या, केस पांढरेशुभ्र. वैजयंतीने नाव सांगितले तेव्हा त्यांनी डोळे बारीक केले.

“हुपरीकरांची? म्हणजे तूच ना ती? जूनमध्ये येणार होतीस.”

“हो.”

“मागची खोली झाडून ठेवली होती मी. खिडकीला जाळी मारून घेतली, मुलीला डास चावतील म्हणून.” बाईंनी एक शेंग फोडली. “आली नाहीस तेव्हा म्हटलं, मुलीनंही वाचलं वाटतं.”

वैजयंतीने बोंडे पुढे केली. “एक ऐकता का? आधी तुमचं गाणं आहे, मग नुसतं...”

“गाणं नको. मला पाठ आहे ते.”

मग तिने फक्त गाळातले ते दोन सेकंद लावले. बाई ऐकत होत्या. चेहऱ्यावर आश्चर्य उमटले नाही, हे पाहून वैजयंतीच आश्चर्यात पडली.

“हे का?” बाई म्हणाल्या. “हे तर मला तेव्हाच ऐकू आलं होतं. पहिल्या रांगेत तर बसले होते ते. म्हणून तर थांबले.”

“थांबलात?”

“अगं, गंधारावरून लगेच खाली यायचं होतं मला. जागा तयार होती गळ्यात. पण समोर माणूस असा कळवळला की पाऊल पुढं टाकवेना. दोन सेकंद थांबले. मग उतरले.”

पंगतीत ज्या शांततेवर इतका खल झाला होता, ती शांतता गाण्यातली नव्हतीच. ती एका श्रोत्याने गायिकेला दिली होती, आणि गायिकेने त्याला. यंत्राने श्रोता काढून घेतला. शांतता गाण्याच्या नावावर उरली.

“मग रविवारी ते वाचलंत तेव्हा?”

“तेव्हा काय...” बाईंनी टरफले एका बाजूला सारली. “दोन गोष्टी होत्या माझ्यापुढं. एक तोंडून आलेली, एक छापलेली. मला वाटलं, माणूस समोरासमोर भिडेनं बोलतो. खरं काय ते घरी जाऊन, विचार करून लिहितो. मी छापलेल्यावर विश्वास ठेवला. तंबोऱ्यावर बसले की तो गंधार आला रे आला, मला पडलेलाच ऐकू यायचा. गळा बरा होता गं. कानच गेला.” त्यांनी वर पाहिले. “कान तपासतेस ना तू? याला काय म्हणतात?”

वैजयंतीने बोंडे डबीत ठेवली.

“पंगतीत मांडू का हे? सगळ्यांना कळेल.”

“मांड, नाहीतर नको मांडूस. मला आता कुठं गायचंय?” बाईंनी मूठभर दाणे तिच्या ओंजळीत घातले. “तू गातेस का?”

“नाही.”

“का?”

“नाना म्हणाले होते...” तिचे वाक्य पुरे झाले नाही. बाईंनीही ते पुरे करून मागितले नाही. त्यांनी पुढची शेंग फोडली.

*

चार वाजता ती घरी आली तेव्हा नाना परसात, जमिनीवर वर्तमानपत्र पसरून, नेच्याची कुंडी बदलत होते. त्यांनी तिच्या चपलांना लागलेल्या तांबड्या मातीकडे पाहिले.

“गडहिंग्लज,” ते म्हणाले. प्रश्न नव्हता.

“हो.”

तिने पडदा बाकावर टेकवून ठेवला. एक बोंड स्वतःच्या कानात घातले, दुसरे त्यांच्यापुढे धरले. नानांनी हात पुसले आणि ते निमूट घेतले. पडद्यावर दोन रेषा उमटल्या, निळी त्यांची, केशरी तिची. तिने गाळ एक्केचाळीसाव्या मिनिटापासून लावला. परसात बाप आणि लेक, मधे एक फुटाचे अंतर, आणि दोघांच्या कानांत शंभर माणसांचा धरलेला श्वास.

“आई गं...”

नानांनी डोळे मिटले.

“समीक्षकानं दाद देऊ नये,” ते अखेर म्हणाले. “ती माझी चूक झाली. त्या दिवशी लवंग दाढेखाली आली.”

“दादेबद्दल कुठं विचारतेय मी? लिहिलंत त्याबद्दल विचारतेय.”

“गंधार उतरलेला होता, वैजू. मोजून बघ. यंत्रं आहेत तुझ्याकडे.”

“मोजला. उतरलेलाच आहे. तोडीत तो तसाच लागतो, हे मला तुम्हीच शिकवलंत, मी नऊ वर्षांची असताना.”

“मग दोन्ही खरं समज.” ते नेच्याच्या मुळांवरची माती बोटांनी सैल करत होते, फार हळुवारपणे, जणू त्याला कळू नये. “तोंडून गेलं तेही, लिहिलं तेही. माणूस एकाच गोष्टीनं विरघळतो आणि तिच्यावर चिडतोही. इतकं खोल कुणी शिरलं आत, की राग येतो. तरुण आहेस. कळेल.”

“एकोणचाळीस वर्षांची आहे मी. बाईंनी मागची खोली झाडून ठेवली होती, नाना. खिडकीला जाळी मारली होती.”

मुळांवरची बोटे थांबली.

“आई जाऊन आठ महिने झाले होते. जूनमध्ये मी गेले असते, की या घरात तुम्ही एकटे.” तिला स्वतःचा आवाज परका वाटला, कोठडीत रुग्णाशी बोलतानासारखा सपाट. “मी काही ठरवून आले नाहीये. संशय आहे नुसता.”

“पंगतीत वाढणार आहेस का हे?”

“गाळ वाढणार आहे. रविवारी. तुमच्या नावासकट.”

“वाढ.” नानांनी मान हलवली, त्यात सुटका होती की अभिमान, तिला ठरवता येईना. “नियम माझाच आहे. लोखंडे पान भरून लिहितील. इस्माईल हसेल. लिहू दे, हसू दे. बाईंचं नाव निघेल त्यातून.”

“निघेल. बाईंचं निघेल.”

ती थोडी पुढे सरकली. गाळ संपला होता, पण बोंडे अजून दोघांच्या कानांत होती आणि रेषा चालू होत्या. परसातल्या शांततेत त्या खालून, संथ सरकत होत्या.

“तुमची दोनच वाक्यं आहेत, नाना, ज्यांच्यावर कुणाचं तरी आयुष्य उभं राहिलं. एक छापून आलं. एक तुम्ही माझ्या उशाशी बसून बोललात. पहिल्याला पुरावा निघाला. दुसरं कुणी ध्वनिमुद्रित केलेलं नाही. त्याला गाळ नाही. मला फक्त एक सांगा. माझा सूर उसना होता?”

केशरी रेषा चढली. पुरुषाच्या बोलण्याच्या पट्टीत, ताठ. ते अपेक्षितच होते. तिला पाहायचीही गरज नव्हती. तिने पाहिले ते निळीकडे. तीही चढत होती. त्याच पट्टीत, तितकीच उंच. दोन्ही कान एकाच आवाजाची वाट पाहत होते, आणि तो आवाज एकाच गळ्यात होता.

नानांनी कानातले बोंड काढले. निळी रेषा मिटली. बोंड त्यांनी डबीत नीट बसवले, डबी तिच्या हातात दिली, आणि सदऱ्याच्या खिशातून दुसरी, जुनी, पत्र्याची डबी काढली. तिच्यातली एक लवंग उचलून जिभेवर ठेवली. ओठ मिटले. मग गुडघ्यावर हात टेकून ते उठले, वर्तमानपत्रावर उघडाच राहिलेला नेचा ओलांडून, पाठमोरे, घरात निघून गेले.